आधी हजेरी द्या

आजारी माणसाला भेटायला गेलेल्यांचा आपल्याकडे एक ठरलेला प्रश्न असतो. खाटेजवळ उभं राहायचं, जरासं वाकायचं आणि समोरच्याला ऐकू कमी येत असल्यासारखं मोठ्याने विचारायचं, “सांगा पाहू, मी कोण?” विचारणाऱ्याच्या मनात माया असते, यात शंका नाही. उत्तर बरोबर आलं तर खोलीतले सगळे खूश होतात. चुकलं तर “आता काही ओळखत नाहीत हो” ही बातमी संध्याकाळच्या आत भावकीत पोचते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अंघोळ, कपडे, स्वयंपाक, दुकान, शेती, शाळा अशी माणसाच्या दिवसातली जी कामं आजाराने मोडून पडतात, ती पुन्हा जमवून देणं हा माझा व्यवसाय. ही विद्या भारतात रुजवली कमलाबाई निंबकरांनी. 1950 साली परळच्या केईएम रुग्णालयात तिची पहिली शाळा त्यांनी सुरू केली. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी मोजक्याच लोकांचा आजार असा असतो, की भेटायला आलेल्यांच्या त्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसतं. डोळे ठीक, स्मरण ठीक, बोलणं ठीक. तरी समोर जे दिसतंय ते काय आहे किंवा कोण आहे, हे नुसतं बघून कळत नाही. अशा लोकांबरोबर काम करता करता माझं एक मत बनलं. मेंदूतल्या इजेने ही माणसं जेवढी थकतात, जवळजवळ तेवढीच ती आसपासच्यांनी दिवसभर घेतलेल्या परीक्षेने थकतात. इजेचं फार काही करता येत नाही. परीक्षा मात्र थांबवता येते.

मी मिरजेत काम करते. हे दवाखान्यांचं गाव. जत, तासगाव, कवठेमहांकाळपासून सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडीपर्यंतचे पेशंट इथे येतात. पण हा आजार घेऊन कुणी सरळ माझ्याकडे येत नाही. आधी चष्म्याचा नंबर बदलतो, मग मोतीबिंदू निघतो, मग कुणीतरी मानसिक आहे म्हणतं, मधे एखादा देवऋषी होतो, आणि शेवटी न्यूरॉलॉजिस्टकडून माझ्या नावाची चिठ्ठी येते. तोवर केसपेपरवर कुठेतरी ‘तपासणीस सहकार्य करत नाहीत’ असा शेरा पडलेला असतो. पुढे ज्यांच्याविषयी लिहिते आहे, त्यांचे तपशील त्यांची ओळख पटू नये इतपत बदललेले आहेत.

तासगावकडच्या एका बाजाराच्या गावातले किराणा दुकानदार. घरात आणि गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांना एका पहाटे मेंदूचा झटका आला. मेंदूच्या मागच्या आणि खालच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांत गुठळी अडकली होती. आपल्याकडे झटका म्हटलं की तोंड वाकडं आणि हात लुळा, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. अण्णांचे हातपाय शाबूत, तोंड सरळ, आवाज खणखणीत. थोडक्यात वाचले म्हणून घरी आले आणि दारात उभ्या असलेल्या थोरल्या मुलाला त्यांनी विचारलं, “आपण कोण, पाव्हणं?” मुलगा “अण्णा, असं काय करताय!” म्हणाला, तसे लगेच, “अरे, तू होय. मग बोलत का न्हवतास?”

ते माझ्यासमोर पहिल्यांदा बसले, तेव्हा मी ट्रेमधलं एक कुलूप टेबलावर ठेवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. “धातूचं आहे. चकाकतंय. वर कडी आहे, खाली भोक आहे.” मग गप्प. मी कागद-पेन्सिल दिली. दुकानदाराच्या हिशेबी हाताने त्यांनी कुलपाचं चित्र काढलं, अगदी ओळखू येईल असं. “हे काय काढलंत?” “ते तुम्हीच सांगा.” मग मी कुलूप उचलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. बोटं फिरवायचा अवकाश, “हात्तिच्या, कुलूप! अलिगढी. माल हलका आहे.”

माझ्या दृष्टीने या एवढ्या कृतीत जवळजवळ सगळं निदान होतं. कुलूप म्हणजे काय हे ते विसरले असते, तर हातात घेऊनही कळलं नसतं. शब्द सापडत नसता, तर किल्ली फिरवण्याची खूण त्यांनी केली असती, किंवा हातात दिल्यावरही नाव अडलं असतं. डोळे गेले असते, तर चित्र काढता आलं नसतं. डोळ्यांनी टिपलेला आकार आणि मनात साठवलेलं कुलपाचं ज्ञान, दोन्ही जागच्या जागी होते. त्यांना जोडणारी वाट तेवढी तुटली होती. स्पर्शाची वाट चालू होती.

त्यांच्या मुलाने मात्र त्याच कृतीतून वेगळा निष्कर्ष काढला. बाहेर येऊन तो मला हळूच म्हणाला, “मॅडम, बघून सांगत नाहीत, हातात दिलं की फटकन सांगतात. म्हणजे त्यांना येतंय सगळं. मुद्दाम करत असतील का?” हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. मुद्दाम, नखरे, माज, ढोंग, डोक्यावर परिणाम असे शब्द घरोघर बदलतात. त्यामागचं कोडं एकच असतं. माणूस आंधळा असेल तर समजतं, वेडा असेल तरी समजतं. दिसतंय पण कळत नाही, यासाठी आपल्या अनुभवात जागाच नसते.

वैद्यकशास्त्रातही ती सहज झाली नाही. 1880च्या सुमारास बर्लिनमध्ये हर्मान मुंक यांनी कुत्र्यांच्या मेंदूच्या मागच्या भागातला तुकडा काढून पाहिला. ती कुत्री फिरताना कशाला धडकत नव्हती, पण समोरचं अन्न आणि ओळखीची माणसं त्यांना नुसत्या नजरेने कळत नव्हती. मुंक याला मनाचं आंधळेपण म्हणाले. 1890 साली ब्रेस्लाऊमधल्या हाइनरिश लिसाउअर या तरुण डॉक्टरने असाच एक माणूस तपासून लिहिला. ऐंशीचे गृहस्थ, पेशाने विक्रेते. लिसाउअरने त्या वेळी केलेले दोन भाग आम्ही अजून वापरतो. काहींच्या मेंदूत आकारच नीट जुळत नाही. त्यांना समोरच्या वस्तूचं चित्रही काढता येत नाही. काहींचा आकार जुळतो, चित्र काढता येतं, पण त्या आकाराला अर्थ चिकटत नाही. पुढच्याच वर्षी सिग्मंड फ्रॉइडने वाचाघातावरच्या पुस्तकात अ‍ॅग्नोझिया हा शब्द वापरला आणि आजाराला ते नाव पडलं. अण्णा लिसाउअरच्या दुसऱ्या भागातले. दुकान चालवणाऱ्या माणसाचा आजार, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, माल विकणाऱ्याच माणसावरून समजला होता, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “मग त्यानं पुढं धंदा कसा केला?” त्याचं उत्तर मला शोधायचं होतं.

त्यासाठी मी त्यांच्या दुकानात गेले. दवाखान्यातल्या ट्रेपेक्षा दुकानाने कितीतरी जास्त शिकवलं. पहिली गोष्ट म्हणजे अण्णांचा हात त्यांच्या नजरेपेक्षा शहाणा होता. समोरच्या बरणीत काय आहे, बरणी आहे की डबा, हे त्यांना सांगता येत नव्हतं. पण झाकण उघडायला हात पुढे गेला, की बोटं बरोबर झाकणाच्या मापाची उघडत. बघण्याच्या मेंदूत दोन वेगळे मार्ग आहेत, हे लेस्ली अंगरलायडर आणि मॉर्टिमर मिश्किन यांनी 1982 साली मांडलं होतं. खालून जाणारा मार्ग वस्तू काय आहे ते ठरवतो, वरून जाणारा ती कुठे आहे ते. वरचा मार्ग हाताला थेट कामाला लावतो, हे पुढे डेव्हिड मिल्नर आणि मेल्व्हिन गुडेल यांनी एका तरुण स्कॉटिश बाईच्या उदाहरणावरून दाखवलं. 1988 साली अंघोळ करताना सदोष गॅस हीटरमुळे तिला कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाली होती. आपल्याकडे गॅस गिझरने जी माणसं दगावतात, ती याच वायूने. ती बाई वाचली, पण आकार ओळखणं गेलं. टपालपेटीसारखी फट उभी आहे की आडवी, हे तिला सांगता येत नसे. हातात कार्ड देऊन टाक म्हटलं, तर ती ते बरोबर कोन साधून आत टाकत असे. अण्णांच्या बरणीच्या झाकणावर मला तेच दिसत होतं. मुलाला मी ते उभं राहून दाखवलं. त्यानंतर त्याने ‘मुद्दाम’ हा शब्द वापरला नाही.

दुसरी गोष्ट अशी, की दुकानातल्या वरच्या फळ्यांकडे अण्णा बघतच नसत. घरच्यांना वाटे, लक्ष नाही. मेंदूच्या ज्या खालच्या पट्ट्याला इजा झाली होती, त्यातूनच नजरेच्या वरच्या अर्ध्या भागाचं काम चालतं. तो भाग त्यांच्यासाठी गेलेला होता. आम्ही वरच्या फळ्या रिकाम्या केल्या आणि रोजचा माल कमरेच्या उंचीवर आणला.

तिसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागणारी होती. त्यांचे रंग गेले होते. हळद, बेसन, तिखट सगळं राखेतून काढल्यासारखं दिसतं, असं ते म्हणाले. तिखट वासाने कळे, हळद चिमटीत कळे. पण दुकानाबरोबर ते बेदाण्याचा व्यापारही करत, आणि बेदाणा रंगावर विकला जातो. हिरवा, पिवळा, काळा यांचे भाव वेगळे. तो व्यवहार त्यांनी स्वतः होऊन धाकट्याकडे दिला. डाळींचं मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिलं नाही. तूर, मूग, मसूर, हरभरा या डाळी त्यांच्या बोटांना डोळ्यांपेक्षा आधीपासूनच जास्त ओळखीच्या होत्या. नोटांसाठी आम्ही अंधांसाठी केलेली सोय वापरली. शंभराच्या नव्या नोटेवर उठावाचा त्रिकोण असतो, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ, शिवाय नोटांची लांबी वेगवेगळी. रिझर्व्ह बँकेने 2020 साली नोट ओळखून बोलून दाखवणारं ‘मणी’ हे अ‍ॅप काढलं. नातीने ते फोनमध्ये घातलं, पण अण्णांना बोटांवरच जास्त भरवसा होता.

माझ्या विद्यार्थिनी विचारतात, वस्तू ओळखण्याचा सराव का नाही घ्यायचा? काही प्रमाणात घेते. पण एका कपावर झालेला सराव दुसऱ्या दांडीच्या, दुसऱ्या नक्षीच्या कपाला सहसा उपयोगी पडत नाही. प्रौढ माणसात तुटलेली वाट जोडण्यापेक्षा चालू असलेल्या वाटा वापरात आणणं जास्त पदरात पडतं. आवाज, स्पर्श, वास, ठरलेली जागा, चालण्याची ढब या त्या वाटा.

चेहऱ्यांचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. कारण डाळ रुसत नाही. गिऱ्हाईक रुसतं. ज्यांच्याशी पिढ्यांचे संबंध, त्यांच्याकडे अण्णा अनोळखी नजरेने बघत. आजारपणानंतर माणसाला माज आला, असं पेठेत बोललं जाऊ लागलं. मेंदूच्या खालच्या बाजूला, विशेषतः उजवीकडे, चेहऱ्यांवरच काम करणारा एक छोटा भाग आहे. 1997 साली नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी एमआरआयवर तो स्पष्ट दाखवला. त्याच्या पन्नास वर्षं आधी, 1947 मध्ये, योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरने चेहरे ओळखू न येण्याला प्रोसोपॅग्नोझिया हे नाव दिलं होतं. त्याने लिहिलेल्यांत डोक्याला जखम झालेला सैनिक होता. काहींना हे जन्मापासूनच असतं, आणि त्यातल्या अनेकांना आपल्यात काही वेगळं आहे हे माहीतही नसतं. अशा आजारांवर लिहून ते जगभर पोचवणारे डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स स्वतः त्यांतले होते. हे मी एकदा नर्सिंगच्या मुलींना सांगत होते, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी नंतर थांबली. म्हणाली, “मॅम, मी युनिफॉर्ममधल्या कुणालाच ओळखत नाही. केस बांधायची पद्धत बघते. सगळ्या जणी वेणी घालून आल्या की संपलं.” तिला वाटत होतं, आपण बेफिकीर आहोत.

अण्णांच्या घरी सर्वांत दुखावल्या होत्या काकू. बस स्टँडवर समोर येऊन उभ्या राहिल्या तरी नवऱ्याने ओळखलं नाही, हे त्यांनी मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. “इतक्या वर्षांचा संसार, आणि माझं तोंड लक्षात राहिलं नाही?” मी त्यांना म्हटलं, तोंड लक्षात आहे, नजरेतून तिथपर्यंत पोचता येत नाही, तुम्ही समोर येताना बोला, एवढं पुरेल. त्या म्हणाल्या, काय बोलू? मी म्हटलं, नेहमी जे म्हणता तेच. “अहो!” एवढी एक हाक मारली, की अण्णांचा चेहरा बदलत असे, आणि त्याक्षणी काकूंचाही. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना काकूच आता दारात सांगतात, काय ते नाव-गाव बोला आणि मग पुढे या.

पुढे करोना आला. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, कुणीच कुणाला ओळखेना. गिऱ्हाईक दुकानाच्या बाहेर उभं राहून स्वतःहून सांगू लागलं, “अण्णा, मी अमक्याचा अमका, दोन किलो तूरडाळ.” अण्णा मला फोनवर म्हणाले, “मॅडम, आता कसं, सगळं गावच माझ्यासारखं झालंय. धंदा मस्त चाललाय.” मास्क गेल्यावर ही पद्धत पुन्हा मोडली.

दुसऱ्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांचा आजार झटक्यासारखा एका रात्रीत आला नाही. सावकाश, काही वर्षांत उतरत गेला. आधी गाडी लावताना अंदाज चुकू लागला. मग आमटी वाटीच्या बाजूला सांडू लागली. चष्मे बदलले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांच्या तक्त्यावरची अक्षरं एकेक करून दाखवली, की बाई जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. त्यामुळे डोळ्यांचे डॉक्टर म्हणत, नजर उत्तम आहे. घरचे म्हणत, मग हे नखरे कशाला? गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं त्या वाचत आणि वर्तमानपत्राचा मोठा मथळा वाचता येत नाही म्हणत. यावर कोण विश्वास ठेवील?

मी ठेवला, कारण हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. त्यांची नजर एका वेळी एकाच लहान भागावर बसत असे. मोठं अक्षर त्या भागात मावत नाही. 1909 साली हंगेरीतल्या रेझो बालिंट यांनी असा पेशंट नोंदवला होता, ज्याला एका वेळी एकच वस्तू दिसे. पहिल्या महायुद्धात मेंदूच्या मागच्या बाजूला गोळी लागलेल्या सैनिकांत गॉर्डन होम्स यांनी अंतराचा आणि दिशेचा असाच गोंधळ तपासला. बाईंना गोळी लागली नव्हती आणि झटकाही आला नव्हता. त्यांच्या मेंदूचा मागचा भाग हळूहळू आक्रसत होता. या आजाराचं वर्णन फ्रँक बेन्सन यांनी 1988 साली केलं. त्याला पोस्टेरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रोफी म्हणतात, आणि बहुतेकांत त्याच्या मुळाशी अल्झायमर असतो. मात्र अल्झायमर म्हटलं की आपण विसरण्याचा विचार करतो, आणि इथे सुरुवातीला स्मरण शाबूत असतं. इंग्रजी कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांना हाच आजार होता. त्यांनी 2007 साली तो जाहीर केला आणि पुढेही अनेक वर्षं पुस्तकं लिहिली, टायपिंग अवघड झाल्यावर तोंडी सांगून.

बाईंची अवस्था मला कळली ती एका छापील चाचणीपेक्षा रांगोळीवरून. त्या ठिपक्यांच्या रांगोळीत हातखंडा असलेल्या. आता त्यांना ठिपका दिसे, शेजारचा ठिपकाही दिसे. ठिपक्यांची ओळ दिसत नसे. “मोजता येतात हो, पण कमळ कुठे आहे तेच कळत नाही,” त्या म्हणाल्या. कमळाला किती ठिपके लागतात, पहिली रेघ कुठून निघते, हे सगळं मात्र त्यांनी तोंडपाठ सांगितलं. नात खडू घेऊन बसली, आजी सांगत गेली आणि रांगोळी पुरी झाली.

त्यांच्या घरात आम्ही बदल केले ते असे. ताट पांढरं, वाटी गडद. पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी. नक्षीच्या चादरी, फुलाफुलांचे पडदे काढले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका वेळी एकच वस्तू. कपाटात साड्यांबरोबर ब्लाउज पिन करून ठेवलेले, कारण जोडी शोधणं हे त्यांना डोंगर चढण्याएवढं झालं होतं. वर्तमानपत्र कुणीतरी वाचून दाखवायचं. कागदाला खाचा पाडून केलेली एक चौकट दिली होती, एक ओळ दिसेल अशी; ती काही महिने उपयोगी पडली, मग तीही पुरेना. हा आजार पुढे जातो. दर भेटीत मी आधीच्या युक्त्यांतली एखादी काढून घेत असे आणि दुसरी देत असे.

परीक्षा थांबवण्याचं काम त्यांनी स्वतः केलं. माजी विद्यार्थी भेटायला येत, पाया पडत आणि हौसेने विचारत, “बाई, ओळखा बरं मी कोण!” एकदा मी तिथेच होते. बाई ताठ बसून म्हणाल्या, “तुमच्या वर्गाची हजेरी मी आयुष्यभर घेतली. आता दारात आलात की आधी हजेरी द्या. नाव, तुकडी, साल.” तो पोरगा, चांगला पोक्त अधिकारी माणूस, उभा राहून म्हणाला, “उपस्थित, बाई.” नाव आणि साल सांगितलं, आणि बाईंनी त्याच्या बाकावर शेजारी कोण बसत असे, त्याला कशावरून छडी बसली होती, सगळं काढलं. मी ही युक्ती उचलली. तेव्हापासून घरच्यांना पहिल्याच भेटीत मी हे सांगते: प्रश्न विचारू नका, हजेरी द्या.

बाईंच्या मुलाने मला विचारलं होतं, अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल का; बँकेत, प्रवासात उपयोगी पडेल. 2016च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत. त्यातली अल्पदृष्टीची व्याख्या तक्त्यावरच्या वाचनावर आणि नजरेच्या क्षेत्रावर आहे: चांगल्या डोळ्याने, चष्मा लावून, 6/18 पेक्षा कमी दिसत असेल, किंवा क्षेत्र 40 अंशांपेक्षा कमी असेल तर. बाई तक्ता वाचत होत्या. स्मृतिभ्रंशाचं नाव त्या 21 प्रकारांत स्वतंत्रपणे नाही, आणि तसंही त्यांचं स्मरण तेव्हा जागेवर होतं. जिना उतरता न येणारी, कप उचलता न येणारी बाई कागदावर डोळस होती. कायदा करणाऱ्यांचं वाईट मला दिसत नाही. मापायला तक्ता सोपा असतो, आणि तक्ता डोळा मापतो. मेंदू त्या दृश्याचं काय करतो, हे मापायची रीत तालुक्याच्या शिबिरात अजून पोचलेली नाही.

सगळ्यात जास्त आशा वाटते ती मुलांच्या कामात, कारण वाढत्या मेंदूत वाटा नव्याने पडू शकतात. जत भागातलं एक बाळ. जन्मल्यावर दूध नीट ओढत नव्हतं, साखर खूप उतरली, फिट्स आल्या. नवजात बाळाची साखर अशी उतरली, तर इजा बहुतेकदा मेंदूच्या मागच्या, बघण्याच्या भागाला होते. उपाय म्हटला तर साधा, वेळेवर पाजणं आणि वेळेवर साखर तपासणं; आणि तरीही हे होत राहतं. बाळाचे डोळे तपासले, पडदा ठीक, शीर ठीक. पण ते आईकडे बघत नसे. दिव्याकडे, खिडकीकडे बघे. आजीने दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या झाल्या. याला कॉर्टिकल व्हिज्युअल इम्पेअरमेंट, थोडक्यात सीव्हीआय म्हणतात.

आई नेहमी बारीक फुलांच्या साडीत. मी तिला एकरंगी ओढणी खांद्यावरून घ्यायला सांगितली, म्हणजे चेहऱ्याच्या आसपासची गर्दी कमी होईल. घरात काळी घोंगडी होती. ती भिंतीला टांगायची, तिच्यापुढे लाल किंवा पिवळी, एकच वस्तू धरायची, जराशी हलवायची आणि थांबायचं. अशा मुलांना बघायला वेळ लागतो. मधे कुणी “बघ बघ, बाळा बघ” म्हणून टाळ्या वाजवल्या, तर ते आवाजाकडे जातं आणि बघणं सुटतं. “गप्प बसायचं हा औषधाचा भाग आहे,” असं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांना ते जड गेलं. पण नातवाने पिवळ्या वाटीवर नजर रोखली, तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच दिसलं. ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ गॉर्डन डटन अशा मुलांच्या आईवडिलांना घरातल्या साध्या वागण्याविषयीचे प्रश्न विचारून निदानापर्यंत जात. खेळण्यांच्या ढिगातलं खेळणं सापडतं का, गर्दीत आई सापडते का. त्या आईकडे अशा प्रश्नांची उत्तरं माझ्यापेक्षा जास्त होती, आणि ती लिहून ठेवण्याची सवय तिला लागली.

आता ते मूल शाळेत आहे. चालतं, बोलतं, अक्षरं ओळखतं. एका पानावर एकच शब्द असेल, तर वाचतं. जिल्हा परिषदेच्या त्या शाळेच्या भिंती बोलक्या आहेत, म्हणजे पाढे, बाराखडी, नकाशा, फळं, प्राणी यांनी छतापर्यंत रंगवलेल्या. हेडमास्तरांना त्यांचा अभिमान, आणि तो योग्यच. प्रवेशाच्या वेळी मी बरोबर गेले होते, पण मला बोलायची वेळ आली नाही. आई म्हणाली, “सर, माझ्या पोराला एक भिंत मुकी पाहिजे. फळ्याच्या मागची. बाकीच्या बोलू देत.” मग तिने मुलाला तिथेच समोर उभं करून एक शब्द रंगवलेल्या भिंतीवर दाखवला आणि तोच शब्द कोऱ्या कागदावर दाखवला. पहिला त्याला सापडला नाही, दुसरा त्याने वाचला. हेडमास्तरांनी फळ्यामागे गडद निळं कापड लावून घेतलं, त्याला पुढच्या रांगेत कडेची जागा दिली, आणि वर्गातल्या मुलांना सांगितलं, त्याच्याशी बोलताना आधी आपलं नाव सांगायचं. मुलांनी त्याचा खेळ केला. आता ती एकमेकांनाही नाव सांगूनच हाक मारतात. जूनमध्ये त्याचा वर्ग बदलेल, बाई बदलतील, भिंत बदलेल. आईने वहीत तारीख लिहून ठेवली आहे: शाळा सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात नव्या बाईंना भेटायचं, कापड बरोबर न्यायचं.